दहा तोळ्यांचं कर्ज

अब्बांचा इंतकाल झाला 2018च्या ऑगस्टमध्ये. दोनेक महिन्यांनी घर जरा निवल्यावर आम्ही तिघं भावंडं त्यांची लोखंडी पेटी उघडून बसलो. पेटीत दुकानाचा परवाना होता, अम्मीचा निकाहनामा होता, जुन्या पावत्या होत्या आणि तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही होती. दुकानाचा हिशेब असायचा ती वही वेगळी. या वहीत अब्बा फक्त आपली देणी लिहीत. एक देणं, एक ओळ. फेड झाली की ओळीवर आडवी रेघ. पानंच्या पानं अशी रेघा मारलेली होती. एकच ओळ मोकळी राहिली होती, अगदी पहिल्या पानावरची.

"धाकट्या बहिणीकडून सोन्याच्या बांगड्या, वजन दहा तोळे, दुकानासाठी घेतल्या. सोनंच परत करणे. सन 1959."

फुफीनं दुकानाला मदत केली होती हे आम्हाला अंधूक ठाऊक होतं. किती, कशी, ते कधी कुणी बोललं नव्हतं. फुफीनं तर नाहीच. त्या वेळी तिचं वय चौऱ्याऐंशी होतं आणि ती पनवेलला मुलाकडे राहत होती. दर ईदेला आम्ही भेटायला जायचो, ती शिरखुर्मा पुढे करायची आणि अब्बांची तब्येत विचारायची. एकोणसाठ वर्षांत तिच्या तोंडून बांगड्यांचा 'ब' निघाला नव्हता.

मयताचं कर्ज फेडल्याशिवाय वाटणी नाही, हे आपल्या घरांत लहान मुलांनाही माहीत असतं. भाईजान वही मिटून म्हणाले, "आधी हे. बाकीचं नंतर." कुणाची ना नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाईजान बाजारात जाऊन आले. सराफाकडून अंदाज लिहून आणला होता. कागदावर पहिलीच ओळ होती: 10 तोळे = 100 ग्रॅम. त्याखाली बावीस कॅरेटचा दर, मजुरी, कर, एकूण रक्कम.

मी तीस वर्षं मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तो 'शंभर' आकडा डोळ्यांत खुपला. "भाईजान, तोळा दहा ग्रॅमचा नाही. दहापेक्षा जास्त असतो."

"सगळी दुनिया दहा ग्रॅम म्हणते. पेपरात रोज येतं, सोनं प्रतितोळा इतकं. तो भाव दहा ग्रॅमचाच असतो."

"आजचा. 1959चा नाही."

मी कागदावर मांडून दाखवलं. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा. दहा तोळे म्हणजे 116.64 ग्रॅम. फरक 16.64 ग्रॅमचा. त्या वेळच्या भावानं तो पन्नास हजारांच्या घरात जात होता. धाकट्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं. खोलीत थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

भाईजान कंजूष नाहीत. त्यांचं म्हणणं त्यांना खरंच पटलेलं होतं. ते म्हणाले, "वहीत तोळे लिहिलेत, ग्रॅम नाही. दहा तोळे घेतले, दहा तोळे द्यायचे. शब्द पाळला की झालं. शंभर रुपये घेतले असते तर शंभरच दिले असते ना?"

मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही. घरी आले आणि अब्बांचं दुकान आठवत बसले.

दुकान उघडलं तेच मुळी दोन वजनांच्या काळात. 1956 साली कायदा झाला आणि 1958च्या ऑक्टोबरपासून किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्यानं देशात येऊ लागले. एप्रिल 1962पासून जुन्या वजनांनी व्यवहार करणं बंद झालं. मधली तीन-चार वर्षं अब्बांच्या गल्ल्यामागे दोन्ही संच असायचे, शेर-छटाकाचा आणि किलोचा. जुनी कोष्टकं त्यांना तोंडपाठ होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, पाच तोळ्यांची छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. तांदूळ मात्र आपल्या कोकणात वजनावर कमी आणि मापावरच जास्त. चिपटं, मापटं, शेर, पायली. अब्बा पायली भरताना पहिलं माप 'एक' न म्हणता 'बरकत' म्हणून मोजायचे, दुसऱ्यापासून 'दोन, तीन'.

या सगळ्यांत गंमत अशी की शब्द एक आणि वजनं अनेक. ऐंशी तोळ्यांचा शेर 933 ग्रॅमचा आणि त्यावरचा मण सदतीस किलोंहून जास्त. पण जुना मुंबईचा मण साधारण 12.7 किलोचा आणि मद्रासचा त्याहून हलका. म्हणजे बंगालमधल्या व्यापाऱ्यानं मुंबईला "शंभर मण पाठवा" असं लिहिलं, तर कुणाचे मण हे विचारल्याशिवाय गाडी भरता येत नसे. गुंज तर झाडाची बी. दोन गुंजा कधी सारख्या भरत नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीनं 1833 साली आपल्या रुपयाचं वजन 180 ग्रेन ठरवलं आणि तोच तोळा धरला. ग्रेन हे इंग्रजी वजन, धान्याच्या दाण्यावरून आलेलं. म्हणून दुकानदार ऐंशी चांदीचे रुपये पारड्यात टाकून शेर तोलायचे. रुपया झिजला की शेरही झिजायचा.

किलो आले तेव्हा हे शब्द मेले नाहीत, फक्त आतून बदलले. आजही मी बाजारात "पावशेर मिरच्या द्या" म्हणते आणि भाजीवाला 250 ग्रॅम तोलतो. खरा पावशेर होता 233 ग्रॅमचा. पावशेर फुगला आणि तोळा आटला. दोन्ही वेळा कारण एकच. मोजायला सोपा आकडा लोकांना आवडतो. सोन्याचे भाव दर दहा ग्रॅमला निघू लागले आणि जिभेवरचा तोळा हळूच त्या दहांवर जाऊन बसला. कायद्यानं तोळ्याला दहा ग्रॅम केलं नव्हतं. कायद्यानं तोळा काढून टाकला होता. दहा ग्रॅमला तोळा म्हणणं ही बाजाराची सोय आहे.

भाईजानांच्या रुपयाच्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. 1 एप्रिल 1957ला रुपयाचे चौसष्ट पैसे जाऊन शंभर नवे पैसे झाले. पण रुपया तोच राहिला, आणि किती आण्यांना किती नवे पैसे याचं कोष्टक सरकारनं छापून घरोघर पोचवलं. ज्याचं जेवढं येणं होतं तेवढंच राहिलं. तोळ्याच्या बाबतीत असं काही झालं नाही. फुफीला कुणी येऊन सांगितलं नाही की बाई, तुझ्या दहा तोळ्यांमधले सोळा ग्रॅम आजपासून गेले.

आणखी एक आठवण त्या रात्री वर आली. मी बारा वर्षांची असेन. दुकानातली वजनं ठरावीक मुदतीनं सरकारी छाप मारून घ्यावी लागतात. त्या वर्षी पाच किलोचं लोखंडी वजन बावीस ग्रॅम कमी भरलं. लोखंडी वजनाच्या तळाला एक भोक असतं, त्यात शिसं ओतून त्यावर छाप मारतात. ते शिसं सैल होऊन कधीतरी गळून पडलं होतं. अब्बांना पत्ता नव्हता. त्यांनी ते वजन दुरुस्तीला दिलं, दुकान बंद केलं आणि उधारीची वही घेऊन बसले. मागच्या छापापासून पाच-पाच किलोनं तांदूळ कुणी नेला, त्यांची यादी केली. मग मला बरोबर घेऊन घरोघर गेले. प्रत्येक घरी अर्धा किलो तांदूळ. लोक हसत होते. "अहो, बावीस ग्रॅमचं काय घेऊन बसलात!" अब्बा म्हणायचे, "तुम्ही माफ कराल, पण मला मोजून द्यायचंय." जे सापडले नाहीत त्यांच्या नावानं सदका केला. परत येताना मी विचारलं, "अब्बा, आपलं वजन चुकीचं आहे हे आपल्याला कसं कळणार?" ते म्हणाले, "आपल्याच दुकानात बसून नाही कळणार, बेटा. म्हणून तर छाप बाहेरचा लागतो."

मापात कमी देणाऱ्यांबद्दल कुरआनात एक सबंध सूरत आहे, सूरह मुतफ्फिफीन. अब्बांना ती पाठ होती. पण त्यांचं वाक्य मला विज्ञान शिकवताना पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. दुकानाचं वजन सरकारी कार्यालयातल्या वजनाशी ताडायचं. ते कार्यालयातलं वजन वरच्या वजनाशी. तेही त्याच्या वरच्याशी. शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत एक लखलखीत धातूचा ठोकळा, क्रमांक 57. आणि तो ताडायचा पॅरिसजवळच्या सेव्र गावातल्या मूळ ठोकळ्याशी. आणि तो मूळ ठोकळा? तो कशाशी ताडायचा?

वर्गात हा प्रश्न मी कधीच विचारू दिला नाही. "किलोग्रॅमचा प्रमाण ठोकळा सेव्र येथे ठेवला आहे" एवढं एक वाक्य, एक गुण, पुढचा धडा. निवृत्त झाल्यावर, तोळ्याच्या निमित्तानं, मी तो प्रश्न स्वतःला विचारला. आणि योगायोग असा की त्याच नोव्हेंबरात जगभरच्या वजनमापांच्या जाणकारांनाही त्याचं उत्तर सापडलं होतं.

गोष्ट सुरू होते फ्रान्समध्ये, दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी. तिथेही आपल्यासारखंच होतं. गावागणिक माप वेगळं आणि नाव एक. राज्यक्रांतीनंतर तिथल्या विद्वानांनी ठरवलं की माप कुणा राजाच्या हाताचं नको आणि कुण्या एका गावाचंही नको. ते सगळ्यांच्या मालकीच्या वस्तूवरून काढायचं. म्हणून लांबीसाठी पृथ्वी घेतली. उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. आणि वजनासाठी पाणी. वितळत्या बर्फाइतक्या थंड पाण्याचा एक घन सेंटिमीटर म्हणजे एक ग्रॅम. देलाम्ब्र आणि मेशां हे दोन खगोलशास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची जमीन मोजत 1792पासून जवळजवळ सात वर्षं हिंडले. इतकं करूनही त्यांचा मीटर सुमारे 0.2 मिलिमीटर आखूडच निघाला.

पृथ्वी आणि पाणी सगळ्यांचं खरं, पण दुकानात वापरता येत नाही. म्हणून 1799 साली प्लॅटिनमची एक पट्टी आणि प्लॅटिनमचं एक वजन बनवलं, आणि व्यवहारात तेच माप झालं. पुढे 20 मे 1875ला सतरा देशांनी पॅरिसमध्ये करार केला, आणि 1889मध्ये नवा ठोकळा जगाचा किलोग्रॅम म्हणून ठरला. नव्वद टक्के प्लॅटिनम आणि दहा टक्के इरिडियम. उंची आणि जाडी दोन्ही साधारण 39 मिलिमीटर, म्हणजे मुठीत सहज मावेल एवढा. काचेच्या घंटेखाली घंटा ठेवून तो तिजोरीत बंद. तिजोरीला तीन चाव्या, तीन वेगवेगळ्या लोकांकडे. भारत या करारात 1957 साली आला, म्हणजे अब्बांनी बहिणीच्या बांगड्या घेतल्या त्याच्या दोन वर्षं आधी.

अशी वस्तू जपून ठेवण्याची रीत आपल्याला नवी नाही. फित्रा देताना आपण 'साअ' हे माप धरतो. ते भांड्याचं माप, वजनाचं नव्हे. इमाम अबू हनीफांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ मदिन्याला गेले, त्यांनी तिथल्या साअबद्दल विचारलं, ती हकीकत फिकहच्या जाणकारांत सांगितली जाते. दुसऱ्या दिवशी मुहाजिर आणि अन्सारांच्या घराण्यांतले पन्नासेक बुजुर्ग चादरीखाली आपापल्या घरचा साअ घेऊन आले. प्रत्येकानं सांगितलं, हा माझ्या वडिलांकडून आला, त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांकडून, आणि हे पैगंबर (स.) यांच्या काळचं माप आहे. इमामांनी ते मोजून पाहिले. सगळे सारखे भरले. मग त्यांनी साअबद्दलचं आपलं आधीचं मत सोडलं. पन्नास घरांनी वेगवेगळं जपलेलं माप एकसारखं निघतं, तेव्हा त्यावर विश्वास बसतो. तरीही भांड्याचं वजनात रूपांतर करताना फरक उरलाच. आपल्या कोकणी शाफई घरांत माणशी पूर्ण साअ, तांदळाचा अडीच किलोच्या आसपास. घाटावरच्या हनफी घरांत गव्हाचा अर्धा साअ, पावणेदोन किलोच्या आसपास. ईदेच्या आधी नात्यातल्या बायकांचा यावरून होणारा गोंधळ कुणी ऐकला नाही?

पॅरिसच्या ठोकळ्याचंही असंच झालं. त्याच्या प्रती जगभर वाटल्या होत्या. 1988 ते 1992 या काळात त्या पुन्हा एकत्र आणून ताडल्या, तेव्हा मूळ ठोकळा आणि प्रती यांच्यात शंभर वर्षांत सुमारे 50 मायक्रोग्रॅमचा फरक पडलेला दिसला. साखरेच्या एका दाण्याच्या वजनापेक्षाही कितीतरी कमी. पण प्रश्न फरक किती याचा नव्हता. मूळ हलका झाला की प्रती जड झाल्या? हे सांगताच येईना. कारण व्याख्येनं तो ठोकळा म्हणजेच एक किलो. त्याचा कण झडला तरी तो एक किलोच, आणि मग आपण सगळे, पहाडांसकट, तेवढे जड झालो असं म्हणावं लागणार. अब्बांच्या दुकानातल्या वजनाचं शिसं गळलं ते बाहेरच्या छापामुळे कळलं. या ठोकळ्याला बाहेरचा छाप मारणारं कुणी नव्हतंच.

म्हणून शास्त्रज्ञांनी वस्तू सोडायचं ठरवलं. वेळेच्या बाबतीत ते 1967मध्येच झालं होतं. पृथ्वीच्या फिरण्यावरून सेकंद न काढता सीझियमच्या अणूशी निगडित लहरींची 9,192,631,770 कंपनं होण्याचा काळ म्हणजे एक सेकंद. मीटरचं 1983मध्ये झालं. प्रकाश निर्वात पोकळीत एका सेकंदात 299,792,458 मीटर जातो, म्हणून तेवढ्या भागातल्या एका भागाच्या सेकंदात तो जितका जाईल तो एक मीटर. ही पट्टी चोरीला जात नाही, झिजत नाही, तिला तिजोरी लागत नाही. किलो मात्र अडून बसला होता.

त्याला वाट काढून दिली एका अनोख्या तराजूनं. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या ब्रायन किबल यांनी 1975मध्ये ही कल्पना मांडली. एका बाजूला वजन ठेवायचं. ते तोलायला दुसरं वजन न ठेवता चुंबकात टांगलेल्या तारेच्या वेटोळ्यातून वीज सोडायची. वीज जेवढी, तेवढा तिचा ओढा. पारडं समतोल झालं की ती वीज मोजायची. मग तेच वेटोळं चुंबकात ठरावीक वेगानं हलवून त्यात तयार होणारा विद्युतदाब मोजायचा. या दोन मोजण्या जोडल्या की वजन विजेच्या भाषेत मिळतं, आणि वीज अतिशय अचूक मोजण्याच्या पद्धतीत प्लँकचा स्थिरांक येतो. हा निसर्गातला एक ठरलेला आकडा आहे. दिल्लीत तोच, पॅरिसमध्ये तोच, चंद्रावरही तोच. 16 नोव्हेंबर 2018ला व्हर्सायमध्ये जमलेल्या देशांनी मतदान करून त्या आकड्याची किंमत कायमची ठरवली आणि त्यावरून किलोची व्याख्या केली. सोबत अँपिअर, केल्विन आणि मोल यांच्याही व्याख्या बदलल्या. 20 मे 2019पासून, म्हणजे 1875च्या कराराच्या वर्धापनदिनी, ती लागू झाली. किबल त्याआधीच, 2016मध्ये वारले होते. आता त्या तराजूला त्यांचंच नाव आहे.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटली ती वेगळीच. तो आकडा निवडताना त्यांनी एवढी काळजी घेतली की नवा किलो जुन्या किलोइतकाच राहावा. वेगवेगळ्या देशांच्या प्रयोगशाळांनी, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजून, आकडे जुळल्याशिवाय व्याख्या बदलली नाही. पन्नास घरांच्या साअसारखंच. 20 मेच्या सकाळी जगातल्या कुणाच्याही साखरेत, औषधाच्या डोसात, सोन्यात, देण्याघेण्यात फरक पडला नाही. व्याख्या मुळापासून बदलली आणि कुणाची अमानत बदलली नाही. आपल्या बाजारानं तोळा बदलला तेव्हा व्याख्या कुणी बदललीच नाही, अमानत तेवढी बदलली.

हे सगळं मी भाईजानांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं ते माझ्यामुळे नाही. त्यांचा मुलगा दुबईत असतो. त्यानं तिथल्या सोनेबाजारातून एक फोटो पाठवला. सोन्याचं बिस्किट, त्यावर कोरलेलं '10 तोळा'. सत्तरच्या दशकात ज्यांच्या गोष्टी आपल्या किनाऱ्यावर दबक्या आवाजात सांगितल्या जायच्या तेच हे बिस्किट. मुलानं खाली लिहिलं होतं, "अब्बाजी, इथे हे 116.64 ग्रॅमचंच विकतात. पावणेचार औंस." भाईजान फोटो बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अब्बा बावीस ग्रॅमसाठी गल्लोगल्ली फिरले होते. आठवतंय मला. मी लाजेनं गेलो नव्हतो बरोबर." आणि सराफाला फोन लावला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही पनवेलला गेलो. चार बांगड्या होत्या आणि वजन पुरं करायला एक साधं वेढं. सराफाच्या काट्यावर सगळं मिळून 116.64 दाखवलेली चिठ्ठी सोबत होती. फुफीनं पिशवी उघडली, बांगड्या मांडीवर ठेवल्या. आधी घ्यायलाच तयार नव्हती. "माझ्या भावाला मी दिल्या होत्या. तुमचा काय संबंध?" भाईजान म्हणाले, "फुफी, त्यांच्या वहीत ओळ मोकळी आहे. ती आम्हाला मिटवू द्या." मग ती काही बोलली नाही. वेढं उचलून म्हणाली, "आणि हे कशाला?"

मी तोळ्याचं सांगायला लागले. दहा ग्रॅम, साडेअकरा ग्रॅम, जुनं वजन, नवं वजन. फुफी हसली.

"दहा तोळे कुठे होत्या त्या? माझ्या सासूनं दहा सांगितल्या म्हणून मीही दहा सांगितल्या. तुझे अब्बा विकायला गेले तेव्हा सराफाच्या काट्यावर पावणेदहाच भरल्या. येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, मग पावणेदहा लिहा. तर म्हणाले, तू दहा समजून काढून दिल्यास ना हातातून? मग मी दहाच परत करीन."

भाईजान उठून खिडकीपाशी गेले. धाकटा मान खाली घालून बसला होता. मी हातातली चिठ्ठी घडी करून ठेवली. दोन दशांशांपर्यंतचा आमचा हिशेब बरोबरच होता. पण अब्बांनी त्याच्या एकोणसाठ वर्षं आधी पाव तोळ्याचा फरक स्वतःच्या अंगावर घेऊन हिशेब पुरा केला होता. बाजार आकडा सोपा करतो तेव्हा कुणाचं तरी जातं. अब्बांनीही आकडा सोपा केला होता, पण तेव्हा गेलं ते त्यांचंच.

वाचक बहिणींना आणि भावांना माझी एवढीच विनंती. घरातले जुने कागद एकदा काढून बघा. निकाहनाम्यात मेहर तोळ्यांत लिहिली असेल, आजीनं कुणाकडे दागिने ठेवायला दिले असतील, कुणाचं देणं असेल, तर त्यापुढे साल आणि ग्रॅम लिहून ठेवा. जुना तोळा 11.664 ग्रॅमचा. जकातीचा निसाब साडेसात तोळे सोनं म्हणजे 87.48 ग्रॅम, पंच्याहत्तर नव्हे. साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे 612.36 ग्रॅम. मसलकाप्रमाणे आकड्यात थोडा फरक सांगतात, तो आपल्या आलिमांना विचारा. पण विचारताना 'तोळे' म्हणून थांबू नका, ग्रॅममध्ये विचारा. नवा कागद करत असाल तर तोळा हा शब्दच नको. आपल्या मागून जे वाचतील त्यांना आपण काय समजून लिहिलं होतं ते सांगायला आपण नसू.

पनवेलहून रात्री घरी आलो. भाईजानांनी लाल वही काढली, पट्टी घेतली आणि माझ्या हातात पेन दिलं. म्हणाले, "तू ओढ. तू मास्तरीण आहेस, रेघ सरळ येईल."

रेघ काही सरळ आली नाही. खाली मी लिहिलं: 116.64 ग्रॅम, फेड झाली. आणि तारीख घातली.